कापड रंगवायच्या रंगांचा नाद लागलेला डॉक्टर, ज्याने औषधाला नेम धरायला शिकवलं

हिवरखेड हे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातलं गाव. उत्तरेला सातपुडा, आजूबाजूला कापूस. या भागात कुणाला कॅन्सर निघाला की पुढची बातमी ठरलेली असते, त्याला टाटाला नेलं. म्हणजे मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियलला. काही जण नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कॅन्सर हॉस्पिटलात जातात. महाराज वऱ्हाडातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. १९६८ साली त्यांनाही कॅन्सरनेच नेलं.

अशा वाऱ्या केलेल्या घरांना एक औषध नेमकं लक्षात राहतं, कारण ते लालभडक असतं. नाव डॉक्सोरुबिसिन. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा अशा बऱ्याच कॅन्सरवर ते देतात. शिरेतून ते आत जातं आणि दोन-तीन आठवड्यांत उशीवर केस दिसायला लागतात. तोंड येतं, अन्नाची चव जाते. लघवीसुद्धा एक-दोन दिवस लालसर होते. आणि आतापर्यंत एकूण किती औषध गेलं याचा हिशोब डॉक्टर फार काटेकोर ठेवतात, कारण ठरावीक मात्रेच्या पुढे ते हृदयाला इजा करतं.

आता गाठ आहे छातीत, मग केस का गळतात?

कारण औषधाला पत्ता माहीत नसतो. भराभर वाढणारी पेशी दिसली की तिला मारायचं, एवढंच त्याला कळतं. कॅन्सरची पेशी भराभर वाढते, तशीच केसाच्या मुळाशी असलेली पेशीही वाढते आणि तोंडाच्या आतल्या अस्तराचीही. औषध रक्तातून सगळीकडे फिरतं आणि तिघींनाही झोडपतं.

औषधाला हा पत्ता कसा द्यायचा, यावर आज जगभरात नॅनोकणांचं काम चाललंय. औषध अतिबारीक कणात भरायचं आणि त्या कणाच्या पृष्ठभागावर असं काही लावायचं की तो जाऊन कॅन्सरच्या पेशीलाच चिकटेल. ऐकायला एकदम नवं वाटतं. पण ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो माणूस १९१५ सालीच वारला. आणि त्याला ती सुचली कापड रंगवायच्या रंगांवरून.

त्याचं नाव पॉल एर्लिख.

१४ मार्च १८५४ ला स्ट्रेलेन नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू. वडील सराय चालवायचे, दारू गाळायचे आणि सरकारी लॉटरीचं कामही बघायचे. आईच्या माहेरचा एक नातलग होता, कार्ल व्हायगर्ट. पॉलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा, पेशा डॉक्टरकीचा. पॉलला रंगांचा नाद लावला तो यानेच.

तो काळच रंगांचा होता. दगडी कोळशाच्या डांबरातून कृत्रिम रंग काढायची युक्ती सापडली होती आणि जर्मनीत रंगांचे कारखाने धडाधड उभे राहत होते. माल अर्थातच कापडासाठी होता. व्हायगर्टने मात्र हे रंग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या मांसाच्या पातळ कापांवर वापरायला सुरुवात केली. एरवी सगळं फिकट आणि एकसारखं दिसायचं. रंग टाकला की एक भाग उठून दिसायचा, दुसरा कोराच राहायचा.

एर्लिख मेडिकलला गेला आणि या खेळात बुडाला. अभ्यासात तो काही पहिला नंबरवाला नव्हता. एकामागून एक चार विद्यापीठं झाली. स्ट्रासबुर्गला त्याचं टेबल सगळ्या रंगांच्या डागांनी भरलेलं असायचं. प्राध्यापक वाल्डायर यांनी ते बघून त्याला दटावलं नाही, करू दिलं. (असा मास्तर मिळणं हे अर्धं नशीब!) १८७८ साली लायप्झिगला त्याने प्रबंध दिला, तोही पेशी रंगवण्याच्या शास्त्रावरच.

त्याला छळणारा प्रश्न साधा होता. एक रंग एका पेशीला चिकटतो आणि शेजारच्या पेशीला का चिकटत नाही?

हे समजायला कापसाच्या मुलखातल्या माणसाला जड जाऊ नये. मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग घ्या, १८७६ साली जर्मनीत तयार झालेला. रेशीम आणि लोकर तो सहज धरतात. सुती कापडावर तो नीट टिकत नाही, धुतला की निघून जातो. मग रंगारी काय करतो? आधी कापडाला तुरट द्रव्याच्या पाण्यात भिजवतो. आपल्याकडच्या रंगाऱ्यांचा यासाठीचा जुना माल म्हणजे हिरडा. हिरड्यातलं तुरट द्रव्य एका हाताने सूत धरतं आणि दुसऱ्या हाताने रंग. रंग तोच, सूतही तेच. मधला धरणारा आला की काम फत्ते. एर्लिखने हिरडा पाहिला असेल-नसेल, हे उदाहरण आमचं आहे. पण त्याचं डोकं याच वाटेने चाललं होतं. रंग चिकटतो याचा अर्थ त्या रंगाच्या रेणूत आणि त्या पेशीत एकमेकांना धरणारं काहीतरी असलं पाहिजे.

पुढे तो बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात लागला आणि रक्ताच्या मागे लागला. रक्ताचे थेंब काचेवर पसरून त्याने त्यांवर रंग टाकले आणि पांढऱ्या पेशी एक नसून बऱ्याच जातींच्या आहेत हे दाखवलं. तुमच्या घरात कुणाचा सीबीसी रिपोर्ट असेल तर काढून बघा. त्यातले न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल हे शब्द याच माणसाचे. कोणती पेशी कोणत्या जातीचा रंग धरते यावरून त्याने ही नावं ठेवली. किमो सुरू असताना पांढऱ्या पेशी खाली आल्या म्हणून डॉक्टर पुढचं इंजेक्शन लांबवतात, तेव्हा ते एर्लिखनेच वेगळ्या केलेल्या पेशी मोजत असतात.

मग त्याने मेथिलीन ब्लू थेट जिवंत प्राण्याच्या रक्तात सोडला. शरीरात एवढ्या पेशी, पण मज्जातंतूंची टोकं तेवढी निळी झाली. म्हणजे रक्तात सोडलेला पदार्थ आपणहून आपली जागा शोधू शकतो! दुसऱ्या काही रंगांनी त्याला उलटंच दाखवलं. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदूला त्या रंगाची ओढ नाही, असा अर्थ त्याने लावला. तो चुकला. त्याच्याच एका विद्यार्थ्याने नंतर दाखवलं की मेंदूभोवती एक कुंपण आहे आणि रंग तिथे अडतो. मेंदूच्या गाठीवर औषध पोचवायला आजही सगळ्यात जास्त नडतं ते हेच कुंपण.

२४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. एर्लिख त्या सभेला हजर होता. घरी जाऊन त्याने तो जंतू रंगवायची कॉखपेक्षा सोपी आणि पक्की पद्धत काढली. काही वर्षांनी याच पद्धतीने त्याला स्वतःच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. बायको हेडविगला घेऊन तो हवापालटासाठी इजिप्तला गेला आणि बरा होऊन परत आला.

परत आल्यावर १८९१ साली त्याने आणि पॉल गुटमान नावाच्या डॉक्टरने एक धाडस केलं. मलेरियाचे परजीवी मेथिलीन ब्लू चांगलाच शोषून घेतात हे त्याने पाहिलं होतं. मग रंग नुसता चिकटून का थांबावा, मारतही असेल! दोन रोग्यांना त्यांनी हा कापडाचा रंग पोटात दिला. दोघेही सुधारले. कारखान्यात बनवलेलं रसायन माणसाच्या रोगावर औषध म्हणून वापरल्याची ही सुरुवात मानतात. क्विनाईनपुढे ते टिकलं नाही, पण रंगाचं औषध होऊ शकतं हे पक्कं झालं.

मधल्या काळात तो घटसर्पाच्या लशीवर, म्हणजे खरं तर प्रतिविषावर काम करत होता. जोडीला एमिल फॉन बेहरिंग होता. प्रतिविष दर वेळी वेगळ्या ताकदीचं निघायचं, ते मोजायचं प्रमाण एर्लिखने बसवून दिलं. पैसा आणि मोठेपणा बेहरिंगकडे जास्त गेला आणि दोघांत बिनसलं. ते इथेच सोडू.

या कामातून १८९७ साली त्याचा मोठा सिद्धांत आला. पेशीच्या अंगावर बारीक बारीक हूक असतात, असं तो म्हणत होता. ते असतात अन्न धरायला. विषाचा रेणू त्या हुकात अडकतो आणि पेशीला बाधतो. विषाच्या रेणूचेही त्याने दोन भाग कल्पिले, एक भाग धरणारा, दुसरा मारणारा. त्याने या भागांना ग्रीक धाटणीची जड नावं दिली होती, ती आपण सोडून देऊ. पण ही विभागणी लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. धरणारा भाग शत्रूचा हूक ओळखणारा हवा, आणि मारणारा भाग त्याच्या पाठीवर बांधायचा. असं औषध बनलं तर ते शरीरात कुठेही सोडा, जाऊन शत्रूलाच लागेल.

जर्मन लोककथांत कधीच नेम न चुकणारी जादूची गोळी असते. एर्लिखने आपल्या कल्पनेला तेच नाव दिलं. मराठीत तर हे नाव आणखी शोभतं. बंदुकीतून सुटते तीही गोळी, आणि डॉक्टर देतो तीही गोळीच.

रसायनाने रोगाशी लढायच्या या शास्त्राला त्याने शब्दही दिला, केमोथेरपी. आज हा शब्द ऐकला की आपल्यासमोर काय येतं? गळलेले केस, उलट्या. म्हणजे ज्याने नेम धरणाऱ्या औषधासाठी शब्द घडवला, त्याचाच शब्द नेम नसलेल्या औषधाला चिकटला.

१८९९ साली तो फ्रँकफर्टला गेला. तिथे एका श्रीमंत बँकरच्या विधवेने, फ्रान्झिस्का स्पायर यांनी दिलेल्या पैशातून १९०६ साली त्याच्यासाठी खास संशोधन संस्था उभी राहिली. एर्लिखचा थाट तेव्हा बघण्यासारखा होता. दिवसाला पंचवीसच्या आसपास चिरूट. सिगारची पेटी काखेत घेऊनच तो फिरायचा. खोलीत पुस्तकांचे आणि कागदांचे ढीग, बसायला खुर्ची मोकळी नसायची. सहकाऱ्यांना दिवसाचं काम तो रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचा. फावल्या वेळात डिटेक्टिव्ह कथा वाचायचा. १९०८ साली नोबेल मिळालं, रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफसोबत अर्धं-अर्धं. हा मेचनिकॉफ पुढे परत येणार आहे.

जादूची गोळी त्याने शोधायला घेतली ती सिफिलिसवर. जंतू १९०५ मध्ये सापडला होता. तेव्हा या रोगावर पारा देत असत. त्याने दात पडायचे आणि रोगी बरेचदा रोगाआधी उपचारानेच खंगायचा. एर्लिखच्या लोकांनी आर्सेनिकचं एक संयुग घेतलं आणि त्याचा रेणू थोडा थोडा बदलत नवनवी संयुगं करायला सुरुवात केली. बदल करायचा, उंदरावर बघायचं, परत बदल करायचा. शेकडो वेळा. क्रमांक ६०६ आधी निकामी म्हणून बाजूला पडला होता. १९०९ साली जपानहून सहाचिरो हाता आला. सशांमध्ये सिफिलिस निर्माण करायची कला त्याच्याकडे होती. एर्लिखने त्याला जुनी सगळी संयुगं परत तपासायला लावली. ६०६ ची सुई टोचली आणि सशाच्या जखमेतले जंतू दुसऱ्या दिवशी दिसेनात.

१९१० साली हे औषध साल्वर्सान नावाने आलं. बाजारात आणण्याआधी सुमारे ६५ हजार मात्रा डॉक्टरांना फुकट वाटल्या, नोंदी ठेवायच्या अटीवर. जगभर नाव झालं आणि त्याचबरोबर त्रासही सुरू झाला. औषध हवा लागली की बिघडायचं. शिरेबाहेर गेलं तर मांस सडायचं. काही रोगी दगावले. मग पैशासाठी विष विकतो असे आरोप झाले, फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलात वेश्यांवर जबरदस्तीने प्रयोग केल्याचे आरोप झाले. १९१४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. आरोप करणाऱ्या पत्रकाराला एक वर्षाची शिक्षा झाली, एर्लिख निर्दोष ठरला. पण तोवर तो थकला होता. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. २० ऑगस्ट १९१५ ला बाड होम्बुर्गला हृदयविकाराने तो गेला. वय ६१.

आणि कॅन्सर?

फ्रँकफर्टमध्ये त्याने कॅन्सरवरही अनेक वर्षं घालवली होती. उंदरांच्या गाठी एकातून दुसऱ्यात लावायच्या, त्या का धरतात, का धरत नाहीत ते बघायचं. शरीराची संरक्षण यंत्रणा रोजच्या रोज काही कॅन्सर उगवण्याआधीच दाबत असावी, असा अंदाज त्याने १९०९ साली मांडला. आजची इम्युनोथेरपी त्याच अंदाजाच्या नातेवाईक आहे. पण कॅन्सरसाठी गोळी काही त्याला मिळाली नाही. अडचण उघड होती. जंतू परका असतो, त्याच्या अंगावरचे हूक वेगळे. कॅन्सरची पेशी आपलीच, तिचे बहुतेक हूक आपल्या चांगल्या पेशींसारखेच. नेम धरायचा कशावर?

उत्तर यायला पाऊणशे वर्षं गेली. काही कॅन्सरच्या पेशींवर काही हूक प्रमाणाबाहेर जास्त असतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हर-टू नावाचा हूक असाच माजलेला असतो. त्याला नेमका धरणारा ट्रास्टुझुमॅब हा प्रतिपिंड १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाला. २०१३ साली त्याच्याच पाठीवर विष बांधलेलं औषध आलं. धरणारा भाग आणि मारणारा भाग. एर्लिखच्या वहीतली विभागणी जशीच्या तशी.

नॅनोकणाची युक्ती याच्या पुढची. पाठीवर विषाचे चार रेणू बांधण्यापेक्षा हजारो रेणूंनी भरलेली पिशवीच पाठवायची. लायपोसोम म्हणजे अशीच चरबीची पिशवी, साधारण शंभर नॅनोमीटरची. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा शेकडो रांगेने बसतील. तिच्यात आपलं ते लाल डॉक्सोरुबिसिन भरायचं. १९९५ साली अमेरिकेत असं औषध मंजूर झालं आणि आज ते भारतातही मिळतं. त्याने हृदयाला होणारी इजा बरीच कमी झाली. पण औषधाने वाट बदलली तसा त्रासानेही वाट बदलली, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटायला लागले.

या पिशवीला बाहेरून काही लावलं नाही तर रक्तात गेल्या गेल्या ती पकडली जाते. पकडतं कोण? यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी, परकं दिसलं की गिळणाऱ्या. आणि त्या गिळणाऱ्या पेशींचं काम जगाला दाखवणारा माणूस होता मेचनिकॉफ, एर्लिखसोबत नोबेल वाटून घेणारा! दोघांच्या शिष्यांत तेव्हा जोरदार वाद होता, शरीराचं रक्षण रक्तातली द्रव्यं करतात की गिळणाऱ्या पेशी. आज एकाची गोळी दुसऱ्याच्या पेशी वाटेतच खातात.

म्हणून पिशवीच्या पृष्ठभागावर पेग नावाच्या रसायनाचे लांब धागे लावतात. ते पाणी धरून ठेवतात आणि भक्षक पेशींना पिशवी लवकर ओळखू येत नाही. त्या धाग्यांच्या टोकाला मग हूक लावायचा. कधी प्रतिपिंडाचा तुकडा, कधी फॉलिक ॲसिड, कारण काही कॅन्सरच्या पेशी फॉलिक ॲसिड धरणारे हूक भरपूर बाळगतात. हिरड्याचंच काम हे, एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने पेशी.

प्रयोगशाळेतल्या बशीत हे झकास चालतं. रक्तात मात्र या कणांवर रक्तातल्याच प्रथिनांचा थर बसतो आणि मोठ्या कष्टाने लावलेला हूक त्याखाली झाकला जातो. टोरंटो विद्यापीठातल्या गटाने २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे मध्यमानाने ०.७ टक्के निघाले. हजारातले सात. पेगचे धागे लावलेल्या पिशव्या बाजारात आहेत, पण टोकाला हूक असलेले कॅन्सरचे नॅनोकण अजून बहुतेक चाचण्यांतच अडकलेत. त्यामुळे नॅनो म्हणून कुणी खात्रीचा इलाज विकत असेल, तर पैसे काढण्याआधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

एर्लिखच्या नावाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. ज्यू म्हणून नाझींनी फ्रँकफर्टमधल्या रस्त्यावरून त्याचं नाव उतरवलं. म्हाताऱ्या हेडविगला देश सोडावा लागला, शेवटी ती अमेरिकेला पोचली. युद्धानंतर नाव परत आलं, एवढंच नाही तर जर्मनीच्या दोनशे मार्कच्या नोटेवर एर्लिखचा चेहरा आला आणि युरो येईपर्यंत तो तिथे होता. फ्रँकफर्टजवळ लांगेनला पॉल एर्लिख इन्स्टिट्यूट आहे, जर्मनीतल्या लशी आणि प्रतिपिंडांची औषधं तपासणारी सरकारी संस्था. पाठीवर विष बांधलेले प्रतिपिंडही तिथेच तपासले जातात.